घाटावरचा समुद्र

नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंचावर आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीची धार आडवी. म्हणून नदी समुद्राकडे पाठ करून निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. जिथली नदीसुद्धा जवळच्या समुद्राकडे जात नाही, अशा गावात घराच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची आहे. हे जमतं, आणि कुणीतरी वापरून काढून टाकलेल्या काचेच्या टाकीतही उत्तम जमतं. फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने जमवावी लागते, आणि म्हणून प्रत्येक गोष्ट ओळखून घ्यावी लागते.

मराठी माणसाने समुद्री मासे काचेआड पाहिले ते बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या शालेय सहली मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीत गेल्या. रत्नागिरीला कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आहे. ही दोन्ही ठिकाणं समुद्राच्या शेजाराने उभी राहिली हे लक्षात घेण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र हा शेजारी असतो. घाटावरच्या माणसाकडे समुद्र एवढाच, जेवढा त्या चार काचांच्या आत आहे.

त्यामुळे या प्रकरणात एकच नियम पुन्हापुन्हा भेटेल. टाकीत जे जातं, ते आपण काढेपर्यंत टाकीतच राहतं. पाण्याची वाफ होते, वायू येतात-जातात, एवढाच काय तो अपवाद. मीठ, तांबं, फॉस्फेट, नायट्रेट, माशांनी न खाल्लेला घास, सगळं आतच. खऱ्या समुद्राला आपला अफाटपणा पाठीशी असतो, तिथे कुठलीही घाण पातळ होत होत नाहीशी होते. आपल्या टाकीत २३० लिटर पाणी असतं. जुनी टाकी घेताना हाच नियम आधी आठवावा, कारण तिच्यात आपल्या आधी कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं.

नाशिकमध्ये जुन्या टाक्या मिळतात त्या घर बदलणाऱ्या कुटुंबांकडून, दवाखान्याच्या किंवा हॉटेलच्या नूतनीकरणातून, नाहीतर फिश टँकच्या दुकानात कोपऱ्याला ठेवलेल्या. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच या मापाची टाकी शोधावी. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २५५ लिटर मावतं, प्रत्यक्षात २३० धरावं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण समुद्री टाकीत लहान म्हणजे सोपं नव्हे. पाणी जितकं कमी तितकी प्रत्येक चूक मोठी होते.

काच पाहण्याआधी हे पाहावं की टाकीला लोखंडी चौकट आहे का. जुन्या घरांमध्ये लोखंडी अँगलची, कडेला लांबी भरलेली टाकी असे, काही ठिकाणी अजून असते. १८५०च्या दशकात इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने घरगुती समुद्री टाकीचं वेड लावलं तेव्हाही टाक्या चौकटीच्याच होत्या. गोड्या पाण्यात त्या वर्षानुवर्षं टिकतात. खाऱ्या पाण्यात मात्र लोखंड गंजतं आणि तो गंज आपल्या नियमाप्रमाणे आतच राहतो. घरोघरी समुद्री टाकी शक्य झाली ती १९६०च्या दशकानंतर, सिलिकॉनने काचेला काच थेट चिकटवता येऊ लागली तेव्हा. चौकटीची टाकी दिसायला कितीही सुरेख असली तरी या कामासाठी घेऊ नये.

आता काच. जाडी वरच्या काठावर व्हर्नियरने मोजावी, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. आपल्या मापाच्या टाकीला १० एमएम योग्य. ८ एमएम असेल तर वरच्या काठाला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या हव्यातच. त्याहून पातळ असेल तर सोडून द्यावी. याचं कारण पाण्याच्या दाबात आहे. दाब टाकीच्या लांबीवर किंवा एकूण पाण्यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. दीड फूट खोल पाणी चार फूट लांबीच्या पुढच्या काचेला एकंदर सव्वाशे किलोच्या वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलत असतं, रात्रंदिवस, आणि त्या जोराचा केंद्रबिंदू तळापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. उंची दीडऐवजी दोन फूट केली की हा जोर पावणेदोन पटींहून जरा जास्तच वाढतो. म्हणून सहा फूट लांब पण बुटकी टाकी एक वेळ चालेल, उंच टाकीला पातळ काच चालणार नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. काचेला त्याने फारसा फरक पडत नाही, सांध्याच्या चुका मात्र ते लपू देत नाही, कारण जिथून पाझरतं तिथे पांढरी रेघ उमटते.

सांधे उजेडात धरून पाहावेत. दोन काचांच्या मधला सिलिकॉनचा थर एकसंध हवा. त्यात बुडबुडे, दुधी डाग किंवा वाळलेल्या शेवाळाची हिरवी रेघ दिसली तर तिथे सिलिकॉन काचेपासून सुटलेला आहे. कोपऱ्यात आतून दिलेली सिलिकॉनची गोलाई ही निराळी गोष्ट. ती राखणदार आहे, भार उचलणारा सांधा मधला. शेवाळ खरवडताना ब्लेडने आतली गोलाई फाटलेली असते, असं बहुतेक जुन्या टाक्यांत आढळतं. ती संपूर्ण काढून नवी देता येते. मधलाच सांधा सुटला असेल तर टाकी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी लागते, आणि हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावं.

नवा सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गळतीवर वरून एक बोट सिलिकॉन फिरवून भागवलेली टाकी पुन्हा गळते ती यामुळे. जुना थर ब्लेडने मुळापासून काढावा, काच ॲसिटोनने पुसावी, आणि मग व्हिनेगरसारखा वास येणारा साधा, शुद्ध सिलिकॉन वापरावा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं विष असतं. ते माशांच्या टाकीत कधीही नको. सिलिकॉन हवेतली वाफ शोषून पक्का होतो, त्यामुळे श्रावणात तो लवकर बसतो आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत वेळ लावतो. काहीही असो, आठवडाभर हात लावू नये.

काचेवरचे पांढरे चट्टे हा दोष नव्हे. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणतं. ते वाळून बसलेले हे थर. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर चिकटवून ठेवलं की ते सुटतात. साबण, कपड्यांची पावडर, काच पुसायचा स्प्रे यातलं काहीही वापरू नये. काठाला टवके उडालेले असतील तर बोट फिरवून पाहावं. वरच्या काठाचा बारीक टवका चालतो, सांध्यात किंवा तळाला गेलेला चालत नाही.

यानंतर विचारायचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या टाकीत आधी काय होतं, आणि मासे आजारी पडले तेव्हा कोणतं औषध घातलं होतं?

माशांच्या अंगावरच्या परजीवींवर तांब्याचं औषध फार जुनं आणि गुणकारी आहे. लिटरला पाव मिलिग्रॅमच्या आसपास तांबं माशाला सोसतं आणि परजीवी मरतो. पण कोळंबी, गोगलगाय, खेकडा, समुद्रफूल अशा पाठीचा कणा नसलेल्या जिवांना एवढं तांबंही जगू देत नाही. हिशेब करून पाहा. २३० लिटर पाण्यात ही मात्रा गाठायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लागतं पाव ग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतकं.

मोरचूद हा शब्द नाशिकच्या माणसाला नवा नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण सुचवलं, आणि बोर्डो मिश्रण म्हणून ते आज निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागांमध्ये घराघरात माहीत आहे. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे एक टक्क्याचं प्रमाण बागायतदाराला पाठ असतं. याचा आपल्याशी संबंध असा की जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या टाक्या शेतावरच्या खोलीत, औषधांच्या शेजारी पडून असतात. त्यांच्यात पाईपचे तुकडे, गाळण्या, बादल्या ठेवलेल्या असतात. फवारणीच्या ड्रमात, बादलीत किंवा मगात कालवलेलं पाणी टाकीत गेलं तर ती चिमूट सहज ओलांडली जाते. माझा सल्ला स्पष्ट आहे. बागेवरून आलेली टाकी घ्यायची तर घ्या, पण आतल्या सिलिकॉनची गोलाई नवी करून घ्या, आणि समुद्रासाठी लागणारी प्रत्येक बादली बाजारातून कोरी आणा.

काच स्वतः तांबं धरून ठेवत नाही. सिलिकॉन थोडंफार धरतो. खरं धरतात ते चुनखडीचे दगड आणि वाळू. तांबं त्यांच्यावर बसतं आणि पुढे महिनोन्महिने हळूहळू सुटत राहतं. टाकीबरोबर फुकट मिळणारी जुनी खडी, दगड आणि शोभेचा किल्ला म्हणूनच नाकारावा. टाकी धुऊन, भरून, दोन दिवसांनी त्या पाण्याची तांब्याच्या किटने तपासणी करावी. रंग उमटला तर पाणी फेकून पुन्हा भरावं आणि पुन्हा तपासावं.

फुकट मिळणाऱ्या आणखी एका वस्तूबद्दल कडक बोलायला हवं. जुन्या टाकीबरोबर कधीकधी पांढऱ्या प्रवाळाचा सांगाडा येतो, शोपीस म्हणून. २००१ पासून खडकासारखा सांगाडा घडवणारे सगळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. प्रवाळ मेलेला असला तरी कायदा लागू होतो. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं ते अशा जिवांसाठीच. ज्याला समुद्र आवडतो त्याने समुद्र ओरबाडून आणलेली वस्तू घरात ठेवू नये. दगड हवे तर चुनखडीचे कोरडे, सच्छिद्र तुकडे किंवा टाकीसाठी बनवलेले कृत्रिम खडक मिळतात.

दगडांवरून एक स्थानिक मोह आठवला. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून आलेला माणूस तिथल्या झिओलाइटच्या प्रेमात पडतो, आणि मग कुठेतरी वाचतो की झिओलाइट अमोनिया शोषतं. गोड्या पाण्यात ते खरं आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम इतकं असतं की झिओलाइटमधल्या जागा तोच अडवून बसतो आणि अमोनियाला फारसा वाव उरत नाही. आपल्या डोंगरातले ते स्फटिक कपाटातच शोभतात.

टाकी ठेवायची कुठे? पाणी २३६ किलो, काच पन्नासेक, दगड-वाळू चाळीस, वर स्टँड. सगळं मिळून पावणेचारशे किलोच्या घरात जातं, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरवर. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरून आखतात. हा आकडा पूर्ण खोलीचा असल्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, बीमच्या वर आणि बीमला आडवी ठेवावी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर ठेवू नये. तिथे तळमजलाच बरा. स्टँडवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी समतल करावं, वर थर्माकोलचा एक तुकडा अंथरावा आणि मगच काच ठेवावी. बारीकसा खडा तळाखाली राहिला तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. लोखंडी स्टँड असेल तर त्याला चांगला जाड रंग हवा, कारण मीठ काठावरून हळूहळू बाहेर सरकत येतं आणि रंगाची प्रत्येक चीर शोधतं.

तळाला किंवा मागच्या काचेला भोक पाडून खाली दुसरी टाकी, म्हणजे सम्प, जोडायची असेल तर ती काच टफन केलेली नाही याची आधी खात्री करावी. ड्रिल लागताच टफन काचेचा भुगा होतो. मोबाईलचा पांढरा पडदा एका बाजूला आणि पोलराइज्ड गॉगल दुसऱ्या बाजूला धरून मधून काच पाहिली तर टफन काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. साधी काच स्वच्छ दिसते. सम्पमध्ये एवढी जागा रिकामी ठेवावी की वीज गेल्यावर वरच्या टाकीतून उतरणारं पाणी त्यात मावेल. हे प्रत्यक्ष पंप बंद करून पाहावं, कागदावरच्या हिशेबावर सोडू नये.

गळती तपासताना आधी निम्मी भरून एक दिवस, मग पूर्ण भरून दोन दिवस. खाली वर्तमानपत्र अंथरावं, ओलावा कुठून आला ते त्यावर कळतं. ही तपासणी साध्या नळाच्या पाण्याने करायची.

समुद्रासाठी मात्र नळाचं पाणी नको. शहराला गंगापूर, दारणा, मुकणे धरणांचं पाणी मिळतं. ते प्यायला चांगलं, पण त्यात क्लोरीन असतं, थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असते, आणि शेवाळाला हेच हवं असतं. आरओचं पाणी लागतं. घरच्या आरओमध्ये बहुतेकदा चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात, त्यामुळे टीडीएस मीटर लावून पाहावा. आकडा दहाच्या खाली हवा. पन्नास-साठ येत असेल तर ते मिश्रण बंद करून घ्यावं.

मग मीठ. मुंबईहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणावं असं अनेकांच्या मनात येतं. किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे त्याचा खारेपणा उतरलेला असतो. स्वयंपाकघरातलं मीठ हा त्याहून मोठा गैरसमज. समुद्राच्या किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड ५५ टक्के, सोडियम तीसच्या थोडं वर, सल्फेट पावणेआठ, मॅग्नेशियम पावणेचार, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी एकाच्या आसपास. मिठागरात पाणी आटतं तेव्हा सोडियम क्लोराइडचे खडे आधी बसतात. मॅग्नेशियम, पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून वेगळं होतं. आपण जेवणात घालतो ते मीठ म्हणजे समुद्र वजा कितीतरी गोष्टी.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या महासागरांतून पाणी गोळा केलं. विल्यम डिटमारने त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ साली दाखवून दिलं की खारेपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखंच असतं. या शोधामुळे मला घाटावरची टाकी शक्य वाटते. प्रमाण एकच असेल तर ते कारखान्यात जुळवता येतं. गॉसने १८५४ सालीच चार क्षार कालवून समुद्र करून पाहिला होता. बाजारात तयार मीठ आलं १९६४ मध्ये, ‘इन्स्टंट ओशन’ या नावाने. आज अशी अनेक मिठं मिळतात. २३० लिटरला साधारण आठ किलो लागतं. मीठ वेगळ्या पिंपात, पंप लावून दिवसभर ढवळावं, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ आलं की टाकीत घालावं.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. २३० लिटरमधले २० लिटर उडाले की ३५चा खारेपणा ३८ वर जातो. म्हणून उडालेलं पाणी भरताना खारं पाणी घालायचं नाही, साधं आरओचं घालायचं, आणि ते रोज. काचेवर एक खूण करून ठेवावी.

नाशिकची हवा इथे शत्रू आणि मित्र दोन्ही आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि टाकीला हवं असतं २५ ते २७ अंश. चिलर महाग असतो आणि वीजही खातो. पण आपला उन्हाळा कोरडा आहे. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात २३० लिटर पाणी अडीच अंशांनी उतरू शकतं. पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला तर दमट मुंबईत जे साधत नाही ते इथे साधतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर आणि झाकण उघडं ठेवलं तर बऱ्याच घरांत चिलरशिवाय उन्हाळा निघतो. पंख्यामुळे बाष्पीभवन मात्र फार वाढतं, तेव्हा वरचं साधं पाणी भरायला विसरून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहूनही खाली. २०० वॉटचा हीटर तेव्हा पाहिजेच.

उंचीचाही परिणाम होतो. २५ अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. नाशिकच्या उंचीवर हवेचा दाब सात टक्क्यांनी कमी, म्हणून इथे सव्वासहा. पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली आणि पंप थांबले तर गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा ही टाकी खूप लवकर गुदमरते. घरच्या इन्व्हर्टरवर सगळी टाकी नको, एक पाणी हलवणारा पंप पुरतो. त्यासाठी वायरिंग आधीच करून घ्यावं, आणि त्याच वेळी टाकीच्या बोर्डाला आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारी कळ, बसवावी. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवली तर तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकतं, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. फक्त मासे ठेवायचे असतील तर साधा एलईडी पुरतो.

स्किमरबद्दल लिहायला हवं. उभ्या नळीत अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. माशांची विष्ठा, लाळ, उरलेलं अन्न यांतली चिकट द्रव्यं बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस वर चढतो आणि वरच्या पेल्यात तपकिरी पाणी साचतं. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात, तशीच ही मळी कुजण्याआधी बाहेर जाते. गोड्या पाण्यात बुडबुडे इतके बारीक राहत नाहीत, त्यामुळे हे यंत्र खाऱ्या पाण्याचंच. आपल्या नियमाच्या बाजूने पाहिलं तर टाकीतून काहीतरी कायमचं बाहेर काढणाऱ्या मोजक्या साधनांपैकी हे एक आहे. जुनं स्किमर मिळालं तर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घ्यावं, पंपाची चकती मोकळी फिरते का पाहावं, बाकी त्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं.

टाकी भरली, दगड रचले, पाणी २६ अंशांवर आलं, तरी मासे आणायचे नाहीत. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते दगडाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्यांची वाढ संथ असते, म्हणून चार ते सहा आठवडे जातात. खाऱ्या पाण्यात घाई अधिक महाग पडते. पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, समुद्राच्या ८.२ला सात-आठ टक्के. सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीत बांधून टाकीत सोडावा, तो कुजून अमोनिया देतो. दर दोन-तीन दिवसांनी तपासत राहावं. आधी अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की वस्ती बसली.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या. जगभरच्या टाक्यांत दगडाला आज जे स्थान आहे त्याची सुरुवात तिथली. आपण कोरडा दगड वापरतो, म्हणून आपल्याला ते आठवडे थांबावं लागतं. समुद्रातला जिवंत दगड उचलण्यापेक्षा थांबणं मला केव्हाही योग्य वाटतं.

पहिले जीव म्हणजे काही शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, आणि महिन्याभराने क्लाउनफिशची एक जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे. दुकानदाराला मासा पैदास केंद्रातला आहे की समुद्रातून पकडलेला, हे विचारावं आणि पैदास केलेलाच घ्यावा. तो टाकीतच जन्मलेला असतो, तयार खाणं पहिल्या दिवसापासून खातो. निळा टँग मासा कितीही मोहात पाडो, चार फुटांच्या टाकीत तो आणू नये, तो मोठा होतो आणि त्याला लांब पोहायला जागा लागते.

जोडी रुळली की उरतं ते पाणी बदलणं. माशांना घातलेल्या अन्नातून शेवटी नायट्रेट तयार होतं आणि ते वाफेबरोबर जात नाही. समजा पंधरा दिवसांत ते लिटरला २ मिलिग्रॅमने वाढतं. दर पंधरवड्याला दहा टक्के, म्हणजे २३ लिटर पाणी बदललं तर ते वाढत वाढत २० मिलिग्रॅमवर जाऊन थांबतं. वीस टक्के बदललं तर १० वर. तिसरा मासा आणायचा विचार आला की हा हिशेब आधी करावा. नायट्रेट तिनाने वाढू लागलं तर दहा टक्क्यांच्या बदलाने ते तीसवर जाऊन बसणार. मग एक तर खाणं कमी करावं लागेल, किंवा दर पंधरवड्याला आठशे ग्रॅमऐवजी सव्वा किलो मीठ कालवायची तयारी ठेवावी लागेल.